अण्वस्त्रं होती, तरी कारगिल कसं झालं? (८.१२ च्या डब्यात अर्धवट राहिलेला वाद)

मुलुंडस्लो | शनिवार, रात्री १०.०५

आमच्या लोकलच्या डब्यात भजन नाही, पत्तेही नाहीत. आमच्याकडे वाद असतो. मुलुंडला बसलो की सुरू, दादरला अर्धा डबा उतरला की बंद. परवा विषय निघाला युक्रेनचा आणि गाडी घसरली कारगिलवर. आमचे बँकवाले काका (निवृत्तीला चार महिने राहिलेत, त्यामुळे सध्या कुणालाच घाबरत नाहीत) म्हणाले, "बॉम्ब आल्यापासून मोठी लढाई झाली का? नाही ना? मग विषय संपला." खिडकीतला पोरगा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "काका, पोखरण मे ९८. कारगिल मे ९९." काका गप्प. तेवढ्यात दादर आलं.

माझ्या डोक्यातून ते जाईना, म्हणून हा धागा.

११ आणि १३ मे १९९८ ला आपण चाचण्या केल्या, २८ आणि ३० मेला पाकिस्तानने बलुचिस्तानात केल्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये लाहोर जाहीरनामा झाला. आणि त्याच हिवाळ्यात त्यांची माणसं आपण थंडीत रिकाम्या केलेल्या चौक्यांवर येऊन बसत होती. म्हणजे बॉम्बने घुसखोरी थांबवली नाही, हे उघड आहे. उलट बॉम्ब आहे म्हणूनच त्यांची हिंमत झाली असावी, असं मला वाटतं.

आता १९६५ आठवा. १ सप्टेंबरला जम्मूतल्या छांबमध्ये त्यांचे रणगाडे घुसले, अखनूर हातचं जायची वेळ आली. आपण काय केलं? ६ सप्टेंबरला पंजाबातली आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने निघालो. तू माझा हात धरलास, मी तुझा पाय धरतो. १९९९ ला हाच डाव समोर होता, पण खेळला नाही. आंतरराष्ट्रीय सीमा दूरच, नियंत्रण रेषासुद्धा ओलांडायची नाही असा हुकूम होता, विमानदलालाही.

थोडक्यात, बॉम्ब कुणाला जिंकून देत नाही. तो फक्त मैदान आखतो आणि पुढची मारामारी त्या चुन्याच्या रेषेच्या आत होते. बरोबर आहे का? झोडायला मोकळीक आहे.

पावशेर | शनिवार, रात्री १०.११

पयला! चहा टाकलाय, येतोच.

शंकासुर | शनिवार, रात्री १०.४८

धागाकर्त्याने बॉम्बला फुकटचं श्रेय दिलंय. वाजपेयी सरकारने रेषा ओलांडली नाही याचं साधं कारण म्हणजे जगासमोर आपली बाजू स्वच्छ ठेवायची होती. ती राहिलीही. ४ जुलैला नवाझ शरीफ वॉशिंग्टनला धावत गेले आणि क्लिंटननी त्यांना माघारीचा कागद हातात दिला. बॉम्ब नसता तरी शहाण्या सरकारने हेच केलं असतं.

आणि बॉम्ब असलेल्या देशांची यादी बघा. अमेरिकेकडे बॉम्ब होता, चीनकडे नव्हता, तरी १९५० च्या हिवाळ्यात चिनी फौजा कोरियात उतरल्या आणि अमेरिकेला मागे रेटलं. ट्रुमन पत्रकार परिषदेत बॉम्बच्या वापराचा विचार असतोच असं बोलून बसले, सगळं जग हादरलं, चीन हटला नाही. व्हिएतनाममध्ये तेच. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात दहा वर्षं राहून हात हलवत परत आल्या. १९७९ ला बॉम्बवाला चीन बिनबॉम्बच्या व्हिएतनामला "धडा शिकवायला" गेला आणि महिन्याभरात माघारी फिरला. १९८२ ला अर्जेंटिनाने अण्वस्त्रधारी ब्रिटनची बेटं सरळ ताब्यात घेतली. फॉकलंडला गेलेल्या काही ब्रिटिश जहाजांवर अणुबॉम्बही होते, हे त्यांनी २००३ साली कबूल केलं. उपयोग काय झाला? शेवटी बेटं परत घेतली ती पायदळाने, चिखल तुडवत.

दिवाणखान्यात टांगलेल्या तलवारीने भाजी चिरता येत नाही हो.

तोफखाना | शनिवार, रात्री ११.३७

मी शक्यतो फक्त वाचतो. आज लिहितो. मी तोफखान्यात होतो, ९९ ला द्रास भागात. हुद्दा, युनिट राहू द्या.

द्रासमधून जाणारा रस्ता, तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग १-अ, तोलोलिंग शिखरावरून तळहातासारखा दिसतो. वर बसलेला माणूस गाड्या मोजतो, वायरलेसवर आकडे सांगतो आणि थोड्या वेळात गोळा येतो. म्हणून आमच्या गाड्या रात्री, दिवे बंद करून. लष्करी ट्रकच्या मागच्या बाजूला खाली डिफरन्शियलवर (चाकांच्या मधल्या गोल पेटीवर) पांढरा रंग मारलेला असतो, त्यावर छोटासा दिवा. मागच्या ड्रायव्हरने फक्त तो पांढरा गोळा बघत गाडी हाकायची. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी.

बोफोर्स ही एरवी न दिसणाऱ्या लक्ष्यावर मारायची तोफ. तिथे आम्ही नळी सरळ शिखराकडे करून मारली, रायफलसारखी. गोळा त्रेचाळीस किलोच्या आसपास. हवा विरळ, त्यामुळे गोळा तक्त्यात लिहिलंय त्याच्या पुढे जातो. पहिले दिवस हिशेब नव्याने बसवण्यात गेले.

आता मुद्दा. वर बसलेल्यांचं रेशन आणि दारूगोळा मागून येत होता, रेषेपलीकडून. कुठल्याही नव्या लेफ्टनंटला विचारा, तो सांगेल की मागची वाट तोडा, वरचा आपोआप उतरतो. ती परवानगी नव्हती. मग उरलं काय? बहुतेक ठिकाणी समोरून चढणं. रात्री, उघड्या उतारावर, वरून मशिनगन. तोलोलिंग १३ जूनला पडलं, त्याआधी तीन आठवडे पोरं त्याच उतारावर जात होती. टायगर हिलला १८ ग्रेनेडियर्सच्या घातक तुकडीने दोर लावून कडा चढला, कारण त्या बाजूने कुणी येईल असं वरच्यांना वाटलंच नव्हतं.

५२७ गेले. त्यातले किती त्या हुकुमामुळे गेले, याचा हिशेब मला मांडता येत नाही आणि मांडायचाही नाही. हुकूम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण शंकासुर, तलवार दिवाणखान्यात होती हे खरं असलं तरी चढणीचा कोन तिनेच ठरवला होता.

मुलुंडस्लो | शनिवार, रात्री ११.४४

तोफखाना, दंडवत. पुढे काय लिहू सुचत नाही.

सातवामजला | रविवार, सकाळी ९.२०

रात्री वाचलं, झोप उडाली. मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं वर्गासारखं होईल, सांभाळून घ्या.

शंकासुर, तुमच्या यादीत एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे. कोरिया, व्हिएतनाम, अफगाणिस्तान, फॉकलंड, सगळीकडे बॉम्ब एकाच बाजूकडे होता आणि त्या बाजूचं स्वतःचं घर पणाला लागलं नव्हतं. हनोई पडलं नाही म्हणून वॉशिंग्टन बुडत नव्हतं. अशा वेळी बॉम्बची धमकी कुणी खरी मानत नाही आणि मानली नाही ते बरोबरच होतं. दोन्हीकडे बॉम्ब असला आणि हद्द एकमेकांना चिकटलेली असली की गणित बदलतं. अमेरिकन अभ्यासक ग्लेन स्नायडर यांनी १९६५ सालीच हा तिढा मांडला होता: वरच्या पातळीवर दोघंही जितके निश्चिंत, तितकी खालच्या पातळीवर खोड्या काढायची मोकळीक जास्त. मोठं युद्ध होणारच नाही याची खात्री असेल, तर छोटं करायला काय हरकत आहे?

फक्त कारगिलचं पुढचं पान धागाकर्त्याने उलटलं नाही. ही आखलेली रेषा पाकिस्तानलाही जाचली. आपले सैनिक आहेत हे त्यांना कबूल करता येईना, "मुजाहिदीन" म्हणत बसावं लागलं. वर लढणाऱ्या नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीच्या मदतीला त्यांचं विमानदल आलं नाही. त्यांच्या अनेक सैनिकांचे मृतदेह घ्यायला त्यांनी नकार दिला, आपल्या जवानांनी ते तिथेच धर्माप्रमाणे दफन केले. त्यांचा जुगार असा होता की आपण वर जाऊन बसू, दोन अण्वस्त्रधारी भिडले म्हणून जग घाबरून "थांबा, आहात तिथेच थांबा" म्हणेल आणि शिखरं खिशात राहतील. जग घाबरलं खरं. पण ते "मागे फिरा" म्हणालं.

म्हणजे मैदान बॉम्बने आखलं, पण त्या मैदानात निकाल लावला तो बोफोर्सने, चढणाऱ्या पोरांनी आणि कुणाची बाजू खरी दिसते त्याने. तुम्ही दोघंही निम्मे बरोबर आहात. (वर्गात असं म्हटलं की कुणालाच आवडत नाही.)

पावशेर | रविवार, सकाळी ९.५२

ताई, आमच्या चाळीत हे फार आधीपासून माहीत आहे. समजा शेजारी शेजारी दोन खोल्या, दोघांकडे गळका सिलिंडर. काडी कुणीच ओढणार नाही. पण म्हणून सकाळी नळावर दुसऱ्याची बादली मागे सरकवायचं कुणी थांबतं का? उलट जोरात सरकवतात, कारण समोरचा काडी ओढणार नाही हे पक्कं ठाऊक असतं. आणि ज्याची बादली सरकली त्यालाच खाली वाकून ती परत आणावी लागते.

सातवामजला | रविवार, सकाळी १०.०१

पावशेर, हे मी उद्या वर्गात वापरणार आहे. नाव सांगणार नाही.

गिरगावकरीण | रविवार, सकाळी ११.३०

मला डावपेचांतलं कळत नाही. पण ७१ आठवलं. मी तिसरीत होते, ठाकूरद्वारला चाळीत राहायचो. डिसेंबरात ब्लॅकआउट सुरू झाला. बाबांनी खिडक्यांच्या काचांना खाकी कागद लावला, वहीला कव्हर घालतो तो, आणि आईने कणकेची खळ शिजवून दिली. उंदरांनी तो कागद कडेने कुरतडला, कारण खळ. मग फटीतून उजेड दिसला की खालून पोरं ओरडायची, "तिसरा मजला, लाइट बंद!" मोटारींचे दिवे वरच्या अर्ध्या भागात काळे केलेले. आम्ही मुलं घाबरलो होतो का? अजिबात नाही. फार मजा वाटायची.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ७ मेला मॉक ड्रिलचा भोंगा वाजला तेव्हा नातू गॅलरीत रील काढत होता. आणि मी मात्र घाबरले. ७१ ला मुंबईवर विमान येईल अशी भीती होती. विमान म्हणजे एक बॉम्ब, एक इमारत, फार तर एक गल्ली. आता एक म्हटलं की पुढचं मोजायचंच नाही.

माझगावडॉक | रविवार, दुपारी १२.१५

आज्जी, पुढचं मोजायचं असेल तर मुंबईकडे एक माप आहे. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन जहाज. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, वर कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. आग लागली, दोन स्फोट झाले, आसपासची जहाजं गेली, मांडवी-डोंगरी भाग जळाला, शेकडो माणसं मेली, हजारो बेघर झाली. आमचे पणजोबा तेव्हा गोदीत टॅली क्लार्क होते, त्या दिवशी तापाने घरी होते म्हणून आम्ही आहोत. गोदीच्या गाळात पुढे कित्येक वर्षं सोन्याच्या विटा सापडत होत्या.

हिरोशिमाचा बॉम्ब साधारण १५ हजार टनांच्या ताकदीचा होता. म्हणजे दहा फोर्ट स्टिकिन एका क्षणात, वर किरणोत्सर्ग वेगळा. आणि आजच्या हिशेबात हिरोशिमाचा बॉम्ब लहानांत मोडतो.

व्हीटीवाला | रविवार, दुपारी २.४०

सगळे शांतपणे लिहिताय म्हणून मी थोडं अशांत लिहितो. २६/११ ला मी सीएसटीला होतो. नऊ-सव्वानऊला निघालो, ते दोघं आत शिरले त्याच्या जेमतेम अर्धा तास आधी. माझ्या नेहमीच्या चहावाल्याच्या पायाला गोळी लागली. १६६ माणसं गेली. दहा पोरं कराचीहून बोटीने आली. आणि आपण कागदपत्रं पाठवली, डॉसिअर.

मला कुणीतरी सांगा, हा बॉम्ब आपला आहे की त्यांचा? आपल्याकडे आहे तर आपण का घाबरायचं? त्यांच्याकडे आहे तर ते का घाबरत नाहीत?

संपादक मंडळ | रविवार, दुपारी ३.०५

पक्षीय राजकारणावरचे दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. कोणत्या सरकारने काय करायला हवं होतं यावर चर्चा चालेल, एकमेकांच्या आईवडिलांवर नको.

सातवामजला | रविवार, दुपारी ४.१०

व्हीटीवाला, हा प्रश्न असाच विचारायला हवा.

घाबरण्याची वाटणी सारखी नसते. ज्याला आहे ते सांभाळायचंय, शेअर बाजार, गोदी, लोकल, सगळं, तो आधी घाबरतो. ज्याला आहे ते मोडायचंय तो उशिरा घाबरतो. आणि "मी जरा वेडसर आहे" असं भासवणं हासुद्धा एक डाव आहे. आपण "पहिला वापर करणार नाही" म्हणून जाहीर केलंय, पाकिस्तानने तसं कधीच म्हटलेलं नाही. मुद्दामच. आपली फौज मोठी, त्यांची लहान. ती उणीव ते बॉम्बच्या धाकाने भरून काढतात. लहान फौज असलेल्या बाजूला बॉम्ब जास्त उपयोगी पडतो, हे कडू आहे पण खरं आहे. शीतयुद्धात युरोपात हेच उलट्या बाजूने होतं: तेव्हा सोव्हिएत रणगाड्यांना घाबरून नाटो पहिल्या वापराचा हक्क राखून होती.

अणुशक्तीनगरकर | रविवार, सायंकाळी ६.२५

वडील ट्रॉम्बेला होते, मी कॉलनीत वाढलो. घरी कामाबद्दल एक शब्द नाही. १८ मे १९७४ ला रेडिओवर बातमी आली तेव्हा बाबा दाढी करत होते. आईने विचारलं, "तुमचं काही?" बाबा म्हणाले, "साबण संपलाय." (त्या बॉम्बचं प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीतलं होतं हे मी पुढे छापील मजकुरात वाचलं, घरी नाही.)

ताईंच्या मुद्द्याला पुढे नेतो. संसदेवरच्या हल्ल्यानंतर आपण डिसेंबर २००१ पासून सीमेवर लाखो सैनिक आणून उभे केले, ऑपरेशन पराक्रम. जमवाजमवीलाच आठवडे गेले, तोवर सगळं जग मध्ये पडलं. दहा महिन्यांनी सगळे परत. त्यातून "कोल्ड स्टार्ट"ची कल्पना निघाली: लहान तुकड्या, झटपट आत, थोडी जमीन घ्यायची, बॉम्ब काढण्याइतकी नाही. यावर पाकिस्तानने एप्रिल २०११ मध्ये नस्र क्षेपणास्त्राची चाचणी केली. पल्ला ६० किलोमीटर. म्हणजे मुंबई-दिल्लीसाठी नाहीच ते, त्यांच्याच हद्दीत शिरलेल्या आपल्या रणगाड्यांवर टाकायला. यावर आपलं २००३ चं धोरण असं की भारतीय भूमीवर किंवा भारतीय फौजांवर, त्या कुठेही असोत, अण्वस्त्र वापरलं तर प्रचंड प्रत्युत्तर. आता वीस रणगाड्यांच्या बदल्यात आपण अख्खं शहर उडवू का? ते म्हणतात नाही उडवणार. आपण म्हणतो बघाच. दोघांनाही तपासून बघायचं नाहीये, यावर सगळं चाललंय.

त्यांच्या अण्वस्त्र विभागाचे तेव्हाचे प्रमुख जनरल किडवाई यांनी २००२ च्या सुमारास चार सीमा सांगितल्या होत्या: मोठा भूभाग गेला, सैन्याचा मोठा भाग नष्ट झाला, आर्थिक गळा आवळला किंवा देश आतून फोडला, तर. तिसरी मुंबईकरांनी नीट वाचावी. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी कराची बंदर पेटवलं, त्याचा नौदल दिन आपण गेटवेला दरवर्षी बघतो. आज कराचीची पूर्ण कोंडी करायची म्हटलं तर ती सरळ तिसऱ्या सीमेवर जाऊन आदळते. नौदल तेव्हापेक्षा कितीतरी मोठं आहे, पण हात तेव्हापेक्षा आखडते.

शंकासुर | रविवार, रात्री ९.१५

बरं, दोन पावलं मागे येतो. पण मग गेल्या वर्षीचं काय? आधी २०१६ ला सैनिक नियंत्रण रेषा ओलांडून गेले. २०१९ ला विमानं बालाकोटपर्यंत, म्हणजे खैबर पख्तुनख्वात. ७ मे २०२५ ला नऊ ठिकाणं, त्यात थेट पाकिस्तानी पंजाबातलं बहावलपूर आणि मुरीदके. १० तारखेला रावळपिंडीचा नूर खान हवाई तळ. दरवेळी सांगितलं गेलं की इथून पुढे गेलं की बॉम्ब. दरवेळी पुढे गेलो आणि बॉम्ब आला नाही. मग ती चुन्याची रेषा खरी की पावसाने वाहून जाणारी?

तोफखाना | रविवार, रात्री ९.५८

रेषा सरकली, हे मान्य. पण कुठल्या दिशेने ते बघा. वर सरकली, आकाशात. क्षेपणास्त्रं, ड्रोन, विमानातून आपल्याच हद्दीतून मारा. जमिनीवर एकही रणगाडा पलीकडे गेला नाही, एक इंचही भूभाग घेतला नाही. चार दिवसांत, १० मेला संध्याकाळी पाच वाजता थांबलं. ६५ ला तीन आठवडे चाललं होतं, ७१ ला तेरा दिवसांत देश बदलला. आता देश बदलण्याची भाषाच कुणी करत नाही. दुखवायचं, पण जमीन धरायची नाही. माझ्यासारख्या जुन्या माणसाला हे युद्ध वाटत नाही, पण मरणारा मरतोच.

मुलुंडस्लो | रविवार, रात्री १०.२०

आणि चीनशी तर त्याहून विचित्र. जून २०२०, गलवान. दोन अण्वस्त्रधारी देश, आणि मारामारी दगड, लोखंडी कांबी, खिळे ठोकलेले दंडुके यांनी. आपले २० जवान गेले. १९९६ च्या करारामुळे ताबारेषेजवळ गोळी चालवायची नाही. वरची शस्त्रं जितकी मोठी, तितकी खालची लहान होत जातात की काय?

पावशेर | रविवार, रात्री १०.२४

म्हणजे बादलीवरून आता मग्यावर आलो.

वाळकेश्वरचा_भाडेकरू | रविवार, रात्री ११.०२

वाखुसा (वाचनखूण साठवली). युक्रेन राहिलाच की! डब्यातली चर्चा तिथूनच सुरू झाली होती ना? सोव्हिएत संघ फुटला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर जवळपास १९०० मोठी अण्वस्त्रं होती. डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टला कागदावर सह्या झाल्या, रशिया, अमेरिका, ब्रिटननी सीमांचा आदर करू म्हणून लिहून दिलं आणि अण्वस्त्रं रशियाला गेली. (त्यांच्या किल्ल्या तशाही मॉस्कोकडेच होत्या, "ठेवली असती तर" म्हणणं वाटतं तितकं सोपं नाही.) फेब्रुवारी २०२२ ला हल्ला झाला आणि तीनच दिवसांत पुतीननी अण्वस्त्र दलं सज्जतेवर ठेवल्याचं जाहीर केलं.

बॉम्बच्या या धाकाने नाटोची फौज बाहेर राहिली. आणि मदत कशी दिली? ठिबक सिंचनाने. हिमार्स रॉकेटं जून २०२२ ला, लेपर्ड रणगाड्यांना होकार जानेवारी २०२३ ला, एफ-१६ विमानं २०२४ च्या उन्हाळ्यात, लांब पल्ल्याच्या रॉकेटांनी रशियात आत मारायची परवानगी नोव्हेंबर २०२४ ला. प्रत्येक थेंबाआधी सहा महिने "याने पुतीन बटण दाबतील का" यावर चर्चा. आणि त्या सहा महिन्यांत रशिया खंदक खणत होता, सुरुंग पेरत होता. बॉम्ब न टाकता रशियाने वेळ विकत घेतला, आणि युद्धात वेळेइतकं महाग काही नसतं.

सातवामजला | रविवार, रात्री ११.२५

फार छान मांडलंत. एक भर: ऑगस्ट २०२४ ला युक्रेनच्या फौजा रशियाच्या कुर्स्क प्रांतात घुसल्या. बॉम्ब असलेल्या देशाची खरीखुरी जमीन, बिनबॉम्बच्या देशाने महिनोन्‌महिने धरून ठेवली. बटण दाबलं गेलं नाही. म्हणजे बॉम्बने बाहेरच्या श्रीमंत मित्रांना अडवलं, पण जो आधीच घरात मार खातोय त्याला नाही. १९७३ लाही इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर हल्ला केला तेव्हा इस्रायलकडे बॉम्ब असल्याचं जवळपास सगळ्यांना ठाऊक होतं. इजिप्तने सुएझ कालवा ओलांडून थोडीच जमीन घ्यायचं ठरवलं होतं. ते बॉम्बच्या भीतीने की इस्रायली विमानांच्या, यावर अजून वाद आहे. माझं मत विमानांच्या.

शंकासुर | रविवार, रात्री ११.४०

ताईंनी शेवटी माझ्या बाजूने एक गोल केला. झोपतो.

व्हीटीवाला | सोमवार, सकाळी ७.०५

अणुशक्तीनगरकर, सातवामजला, समजलं. पटलं असं नाही, समजलं. चहावाला आता लंगडत चालतो, टपरी तिथेच आहे.

मुलुंडस्लो | सोमवार, रात्री ८.५०

अहवाल देतो. काल रात्री सगळा धागा छापून घेतला, सकाळी ८.१२ ला बँकवाल्या काकांच्या हातात दिला. घाटकोपरपर्यंत तोफखान्यांचा प्रतिसाद वाचला, मग परत पहिल्यापासून वाचला. विद्याविहार, कुर्ला गेलं, एक शब्द नाही. खिडकीतल्या पोराने मोबाइल खिशात ठेवला, हे मी दोन वर्षांत पहिल्यांदा बघितलं. शीवला काकांनी कागद घडी करून डब्याच्या पिशवीत टाकले आणि म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे. पण ७१ ला काचांना खाकी कागद नव्हता. काळा होता. मी स्वतः लावलाय, परळला."

गिरगावकरीण | सोमवार, रात्री ९.१२

परळला असेल काळा. आमच्याकडे खाकीच होता. काळा वाण्याकडे पहिल्याच दिवशी संपला होता.